बढती परत करायचं गाऱ्हाणं

माझी बायको नम्रता एका खासगी विमा कंपनीत सीनियर व्हाइस प्रेसिडेंट आहे. गावात हे पद समजावून सांगायला वेळ लागतो, म्हणून माझी आई सत्यवती नुसतं ‘मोठो साहेब’ म्हणते आणि विषय संपवते. मी जितेंद्र धुरी, गावच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवतो. माझं पद अजून कोणी विचारलेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी नम्रता मालवणच्या शाखेत लागली तेव्हा पॉलिसीचे फॉर्म तपासायची. परीक्षांचे अर्ज मी भरून द्यायचो, संध्याकाळी एसटीवर घ्यायला जायचो, आणि बायकोला पुढे जाऊ देणारा नवरा कसा असतो हे लोकांना न विचारता सांगायचो. खरी मेहनत दोघींची होती. नम्रता अभ्यास करायची, आणि आई देवाकडे मागायची.

आमच्याकडे देवाकडे मनातल्या मनात काही मागत नाहीत. मनातलं देवाला कळत असेल, पण त्यावर कोणी अवलंबून राहत नाही. देवळात गुरव उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. कोणाच्या घरचं माणूस, अडचण काय, हवं काय, सगळं नाव-गावासकट. आणि दर वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ आमचा गुरव महादू याचा आवाज मैदानापलीकडच्या शाळेत ऐकू येतो. गावात कोणाला मूळव्याध आहे हे आठवीच्या वर्गाला माहीत असतं.

बाकीच्या बायका मुलाच्या नोकरीसाठी, नातवासाठी नारळ ठेवायच्या. आईने सुनेच्या बढतीसाठी ठेवला. तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती, पहिला नंबर असताना. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण नम्रताचा परीक्षेचा निकाल हातात घेऊन ती तो उलटसुलट बघत बसायची. पहिल्या गाऱ्हाण्याला नम्रता कुडाळला शाखाधिकारी झाली. रोज जाऊन-येऊन. दुसऱ्याला कोल्हापूर मिळालं. शनिवारी रात्री यायची, सोमवारी पहाटे जायची. तिसऱ्या वेळी मात्र आईची चूक झाली. तिने महादूला सांगितलं, ‘माझ्या सुनेक सगळ्यांच्या वर बसव, म्हण.’ महादूने तसंच म्हटलं, आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो, आणि एप्रिलमध्ये पुण्याचं पत्र आलं.

‘काकी, मागताना हद्द घालूक होई होती,’ महादू नंतर आईला म्हणाला. ‘देवाक काय, तो दिता.’

पुण्याच्या पदाबरोबर गाडी आली, ड्रायव्हर आला, आणि शर्मिलाबाई आल्या. शर्मिलाबाई म्हणजे नम्रताच्या सेक्रेटरी. निवृत्तीला आलेल्या, अत्यंत सभ्य. त्यांच्यामुळे मला बायकोची बरीच माहिती मिळू लागली. ‘सर, मॅडमना हल्ली कांदा चालत नाही, ॲसिडिटी वाढते.’ ‘सर, मॅडमचा चष्म्याचा नंबर बदलला, मंगळवारी नवीन येईल.’ दर रविवारी माझ्या मोबाईलवर शर्मिलाबाईंकडून निमंत्रण यायचं: ‘कौटुंबिक संवाद, साडेनऊ ते दहा’. खाली दोन चौकोन, स्वीकारा आणि नाकारा. मी स्वीकारायचो.

त्या अर्ध्या तासात आधी आई गुडघे सांगायची, मग आमची मुलगी भक्ती मार्क सांगायची. माझी पाळी यायची तेव्हा दहाला चार मिनिटं कमी असायची. मला एकच सांगायचं होतं: परत ये. खालच्या जागेवर ये, कुडाळला ये, पण ये. हे चार मिनिटांत सहज मावतं. मी विचारायचो, ‘जेवलीस का?’ ती म्हणायची, ‘हो. तुम्ही?’ मग दहा वाजायचे. ज्या माणसाने बावीस वर्षं पुढारलेपण मिरवलं, त्याला ‘परत ये’ म्हणायची लाज वाटते. आणि घरी बोलायची ती मालवणी सोडून ती आता माझ्याशी ऑफिसची मराठी बोलू लागली होती. त्या भाषेत मला रडगाणं नीट जमत नाही.

आठ महिन्यांत ती तीनदा आली.

नोव्हेंबरात भक्तीला पहिल्यांदा पाळी आली. मी शाळेत होतो. तिने नम्रताला फोन लावला, तो शर्मिलाबाईंनी उचलला. ‘मॅडम रिव्ह्यूमध्ये आहेत बाळा, काही अर्जंट आहे का?’ भक्ती म्हणाली, ‘नाही.’ मग ती माजघरात जाऊन बसली. जे काय करायचं ते एक्याऐंशी वर्षांच्या आजीने केलं. नम्रताचा फोन संध्याकाळी आला, तेव्हा भक्तीने मार्क सांगितले.

दुसऱ्या दिवशी आई केळ्यांचा फणा घेऊन एकटीच महादूच्या घरी गेली. मी विचारलं, ‘कित्याक?’ म्हणाली, ‘नवस फेडूचो आसा ना पुण्याचो. ऱ्हवलो तो.’

नवस खरंच राहिला होता. ज्याच्यासाठी मागितलं त्याने स्वतः येऊन नारळ ठेवावा लागतो, आणि नम्रताला सवड नव्हती. मी शर्मिलाबाईंना फोन केला. त्यांनी डिसेंबरमधला एक रविवार शोधला, दहा ते चार.

‘सर, विषय काय लिहू?’

‘देव,’ म्हटलं.

त्यांनी तसं लिहिलं.

नम्रता रविवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना पोचली. पुण्याहून मध्यरात्री निघाली होती. गाडीतून उतरली ती निळ्या काठाच्या साडीत, डोळ्यांखाली काळं, हातात दोन मोबाईल. आईच्या पाया पडली. भक्तीला जवळ घेतलं, आणि भक्तीची उंची तिच्या हनुवटीच्या वर गेलेली पाहून क्षणभर थांबली.

‘एवढी कधी झालीस?’

‘गणपतीनंतर,’ भक्ती म्हणाली. ‘युनिफॉर्म पण नवीन घेतला.’

‘मला सांगितलं नाहीस.’

‘सांगितलं. रविवारी. तू म्हणालीस, व्हेरी गुड.’

देवळात मार्गशीर्षातला रविवार म्हणून पन्नासेक माणसं होती. शेजारच्या मथुराकाकी पुढेच बसल्या होत्या. नम्रताला पाहून म्हणाल्या, ‘इली गो इली, पुण्याची राणी! बारीक झालंस मगो. थंय काय जेवक घालनत नाय?’

‘घालतात काकी. वेळ नसतो.’

‘वेळ नसता तो जेवणाक, की चावक?’

सगळे हसले, नम्रतासुद्धा. आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. तिने नारळ देवापुढे ठेवला आणि हात जोडून उभी राहिली. तिच्यामागे आई, मग मी आणि भक्ती. महादूने घसा खाकरला.

‘बा देवा रवळनाथा, ह्या गावाच्या धन्या, म्हाराजाऽ!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आज तुझ्या पायाकडे ही धुऱ्यांच्या घरातली माणसा उभी हत, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘जितेंद्राची बायल नम्रता, हिका तू कुडाळाक साहेब केलंस, कोल्हापुराक मोठो साहेब केलंस, पुण्याक त्याच्याही वर नेऊन बसवलंस, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘त्याचो हो नारळ तुका पावतो केलो. तो गोड मानून घी, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

इथे संपायला हवं होतं. नम्रता वाकून नमस्कार करू लागली. पण महादूने श्वास घेतला.

‘पण धन्या, दिलंस ता वायच जास्त झाला, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘घरात म्हातारी आसा, तिच्यान आता होणा नाय. चेडू जाणता झाला, तेका आवशीक हाक मारूची तर मधी दुसरा माणूस फोन उचालता, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘तर जा काय जास्तीचा दिलंस ता तू परत घी. हिका वरच्या खुर्चीवरसून खाली उतरव, आणि आपल्या घराक आणून सोड रे म्हाराजाऽ!’

‘व्हय म्हाराजा!’

पन्नास माणसं म्हणाली. भक्ती म्हणाली. मी म्हणालो. ज्यांनी लहानपणापासून हे म्हटलंय त्यांचं तोंड कानाच्या आधी चालतं, हे मी कोणालाही पटवून देऊ शकतो. पण माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, इतका की शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

नम्रता आधीच्या सगळ्या ओळींना ‘व्हय’ म्हणाली होती. या ओळीला ती वळली. मला वाटलं आईकडे बघेल. ती माझ्याकडे बघत होती.

महादूला कोणाच्या चेहऱ्याकडे बघायची सवय नाही. त्याने देवाच्या पाषाणावर फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. हा कौल. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. जमिनीच्या भांडणात कौल द्यायला देव अर्धा अर्धा तास घेतो. त्या दिवशी उजवी पाकळी महादूचं बोट निघायच्या आत पडली.

‘दिलो गो कौल! लगेच दिलो!’ मथुराकाकी नम्रताच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. ‘आता येतलंस तू घराक. रडतंस कित्या? बरा झाला ना?’

घरी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे होते. आईने सगळ्यांच्या आधी ड्रायव्हरला जेवायला वाढलं. नम्रता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

‘आई, हे तुम्ही मला सांगायचं होतं. देवाला काय सांगितलं?’

‘तुका सांगूक आधी त्या शर्मिलेक इचारूक होया,’ आई वडे काढत म्हणाली. ‘देवाकडे मधी कोण नाय.’

‘महादू आहे की. आणि अख्खा गाव आहे.’

‘गावाक म्हायत नाय असा काय हुता त्याच्यात?’

‘माझं पद आहे ते, आई. मी मिळवलंय.’

‘तू मिळवलंस, मी मागितलंय. दोघींचा आसा.’ आईने झारा खाली ठेवला. तिचे डोळे कढईच्या धुराने की कशाने लाल होते. ‘माका वाटला हुता, तू वर गेलंस की मी पण वायच वर जातलंय. पहिल्यांदा गेलंय पण. कुडाळाक तुझ्या हापिसात तू माका खुर्चेर बसवलंस, आठावता? आता तू खंय आसस ताच माका दिसणा नाय. मान वर करून करून दुखता गो.’

नम्रता आत आली. ताटावर बसली, दोन वडे खाल्ले. सांबाऱ्यात कांदा होता, तोही खाल्ला. भक्ती तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि वाढायला उठायचं टाळत होती.

तीन वाजता नम्रता मागच्या अंगणात आली. मी पंपावर पाय धूत होतो, म्हणजे काहीतरी करत होतो. ती काजूच्या झाडाखालच्या दगडावर बसली आणि मालवणीत बोलली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

‘तुमी तरी गप ऱ्हवाचा हुता.’

‘अगं, सवयीने म्हटलं. सगळेच म्हणतात.’

‘भक्ती सवयीन म्हणाली. तुमचो आवाज मी वळखतंय.’

मी पंप बंद केला. तिने मोबाईल पुढे केला. पत्र इंग्रजीत होतं, चार ओळींचं. कौटुंबिक कारणास्तव मला कोल्हापूर विभागात किंवा कुडाळ शाखेत खालच्या पदावर परत घ्यावे, पगारातील फरक मान्य आहे. वरची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची होती. पाठवलेलं नव्हतं.

‘त्या दिवशी शर्मिलाबाईंनी सांगितला, मुलीचो फोन इल्लो, काय अर्जंट नाय म्हणाली. माझा चेडू अर्जंट नसताना दुपारी फोन करणा नाय, ह्या माका कळाक होया हुता. संध्याकाळी मी केलंय, तर ता माका गणितातले मार्क सांगता. मथुराकाकीनी फोनार सांगितला माका, काय झाला ता. मथुराकाकीनी.’ तिने दगडावरचं एक वाळकं पान उचललं. ‘त्या रातीक लिवलंय. आज तुमका दाखवून उद्या धाडूचा हुता.’

‘मग धाड ना,’ मी म्हणालो. ‘धाड उद्या.’

‘आता?’

‘काय झालं आता?’

‘आता धाडलंय तर काय म्हणतले? देवान चढवल्यान, देवान उतरवल्यान. मधी माझा काय? बावीस वर्सा पहाटेचे गाडये पकडलंय, पोटात चेडू घेऊन परीक्षा दिलंय, ता खंय गेला? महादूच्या एका पाकळेत?’ तिचा आवाज वर गेला नव्हता. ‘माका माझ्या पायांनी खाली उतराचा हुता हो. माझा म्हणान. तुमी सगळ्यांनी माका वडून काढलास.’

मी म्हणालो, ‘गाव चार दिवस बोलेल.’

‘गाव नाय. आई. आई मरेपर्यंत म्हणतली, मी देवाकडसून परत आणलंय. आणि तुमी तिका नाय म्हणूचे नाय. मी तुमका वळखतंय. तुमी जेवलंस काय म्हणून इचारशात.’

यावर बोलायला जागा होती. ‘परत ये, मी सांगतोय, देव नाही’ एवढं मी म्हणू शकलो असतो. नंतर बऱ्याचदा म्हणून पाहिलं, वर्गात फळा पुसताना, देवळासमोरून जाताना. त्या वेळी मला सुचलं ते असं की आठ महिने गप्प बसलेल्या माणसाने पन्नास जणांबरोबर एकदा ओरडल्यावर आता एकट्याने तेच बोलणं बरं दिसणार नाही. माणूस संकटात काय काय विचार करतो!

तिने माझ्याकडे पुरेसा वेळ बघितलं. मग मोबाईल परत घेतला.

पावणेचारला ड्रायव्हरने गाडी अंगणात वळवली. नम्रताने आईला नमस्कार केला. आईने तिच्या हातात वड्यांचा डबा दिला आणि म्हणाली, ‘आता काय, थोडेच दिवस.’ भक्तीने गाडीचं दार लावलं, पुन्हा उघडलं, आणि पुन्हा लावलं. मी काचेशी वाकलो.

‘फोंड्याच्या घाटात रस्त्याचं काम चालू आहे,’ म्हटलं. ‘सांभाळून.’

‘हो,’ नम्रता म्हणाली. ‘तुम्ही पण काळजी घ्या.’ ऑफिसची मराठी परत आली होती.

त्यानंतरचे महिने आईचे फार चांगले गेले. देवाने शब्द दिला होता आणि तो पाळायला तो बांधील होता. नम्रताची जुनी कपड्यांची पेटी तिने साफ करून घेतली. महादू रस्त्यात भेटला की विचारायचा, ‘सर, वहिनीचा काय कळला? उतारली?’ जणू नम्रता माडावर चढली होती. मी म्हणायचो, ‘अजून नाही.’ तो मला धीर द्यायचा, ‘उजवी पडली हा. घाबरू नुको.’

रविवारचा संवाद चालू होता. जानेवारीत तो पंधरा मिनिटांचा झाला. नम्रताने भक्तीला वेगळा नंबर दिला, शर्मिलाबाईंच्या हातात नसलेला, आणि त्या दोघी कधीतरी बोलायच्या. काय ते मला माहीत नाही. भक्ती फोन घेऊन विहिरीकडे जायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी शाळेतून आलो तेव्हा शर्मिलाबाईंचा फोन आला.

‘सर, अभिनंदन! मॅडम मुंबईला, हेड ऑफिसला. वरच्या समितीत घेतलंय. आमच्या कंपनीत महिला पहिल्याच. तुम्हाला बोलल्या असतीलच.’

‘हो, हो,’ म्हटलं.

‘घोषणेबरोबर फॅमिली फोटो टाकायचाय. तुमचा तिघांचा अलीकडचा काही आहे का?’

अलीकडचा नव्हता. भक्तीच्या पाचव्या वाढदिवसाचा होता, तो चालणार नाही असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग मॅडमचा एकटीचाच टाकू, असं ठरलं.

आई ओटीवर बसून चिंच फोडत होती. तिने माझं अर्धं बोलणं ऐकलं होतं.

‘नम्रताचा काय रे? बदली झाली?’

‘झाली.’

आईने कोयता खाली ठेवला. ‘वर की खाली?’

भक्ती पायरीवर वही घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

‘खाली,’ मी म्हणालो.

आईने डोळे मिटले, हात जोडले, आणि बराच वेळ तशीच राहिली. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचित पाहिलाय. मग तिने डोळे उघडले.

‘मगे येता कधी?’

‘चार्ज द्यावा लागतो आई. एकदम येता येत नाही. वेळ लागतो.’

‘लागतलोच,’ आई म्हणाली. ‘बावीस वर्सांचा आसा. वायच-वायच करून देवंदे तिका.’ ती चिंचेकडे वळली, आणि काहीतरी आठवून पुन्हा थांबली. ‘भक्ती, आवशीची गादी वरसून काढ गो. उन्हात घाल. वर्सभर तशीच आसा, वास इलो असतलो.’

भक्तीने वही मिटली. घोषणा तिने सकाळीच मोबाईलवर वाचली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती उठली. माळ्यावर गेली, गादी ओढत खाली आणली, अंगणात दोन खुर्च्यांवर घातली, आणि आजी बघत होती म्हणून काठीने झोडपून नीट झटकली.